नव्या छोट्या गाडीत सिंथेटिक ऑइल टाकायचं की साधं?

नवी छोटी गाडी घेतल्यावर ऑइलचा प्रश्न पहिल्यांदा उभा राहतो तो सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर. ॲडव्हायझर जॉब कार्ड भरता भरता विचारतो, "साहेब, फुल सिंथेटिक टाकू का? इंजिनला चांगलं असतं." घरी शेजारचे काका म्हणतात, "कशाला हजार रुपये जास्त घालवतोस? साधं टाक आणि पाच हजाराला बदलून घे." आणि ओळखीचा मेकॅनिक तिसरंच सांगतो: आपल्याकडे ऊन कडक, पातळ ऑइल नको, जाड टाका.

तिघेही भल्यासाठीच सांगतात, पण तिघांच्याही बोलण्यात गाडीची पुस्तिका कुठेच येत नाही. इंजिनला कोणता ग्रेड आणि कोणतं मानक लागतं हे आधी ठरवायचं. सिंथेटिक की साधं हा प्रश्न त्यानंतरचा. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच गाड्यांमध्ये ग्रेड कळला की पुढचं उत्तर आपोआप मिळतं. ज्या गाड्यांमध्ये ते मिळत नाही, तिथे खरी निवड करावी लागते. हा लेख एक ते सव्वा लिटरच्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांपुरता आहे. डिझेलची मानकं वेगळी असतात, ती इथे लावू नका.

पायरी १ : पुस्तिका काढा आणि दोनच गोष्टी शोधा

ग्लोव्ह बॉक्समधली मालकाची पुस्तिका बहुतेकांनी उघडलेलीही नसते. ती काढा, शेवटच्या भागात तांत्रिक माहितीचा तक्ता असतो तो शोधा. पुस्तिका हरवली असेल तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर ती मिळते. त्यात इंजिन ऑइलच्या ओळीवर बोट ठेवा. तिथे ग्रेड असेल, उदाहरणार्थ ०डब्ल्यू-१६, ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३०. शेजारी किंवा खाली मानक, म्हणजे ऑइलचा दर्जा, असेल: एपीआय एसएन, एपीआय एसपी, इल्सॅक जीएफ-६ असं काहीतरी (एपीआय ही अमेरिकेतली पेट्रोलियम उद्योगाची संस्था, इल्सॅक ही वाहन कंपन्यांची ऑइलची मानकं ठरवणारी समिती). दोन्ही मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. ऑइल किती लिटर बसतं तो आकडाही त्याच पानावर असतो. छोट्या गाड्यांमध्ये तो साधारण तीन-साडेतीन लिटरच्या आसपास असतो.

आता ग्रेडचा अर्थ. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा ऑइल थंडीत किती सहज वाहतं ते सांगतो. ऑइलचे ग्रेड ठरवणाऱ्या एसएई या संस्थेच्या प्रमाणानुसार ०डब्ल्यूची थंडीतली चाचणी उणे ३५ अंशांना होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला आणि २०डब्ल्यूची उणे १५ ला. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला, म्हणजे इंजिन नेहमीच्या कामाला लागल्यावर, ऑइल किती जाड राहतं ते सांगतो.

यावर लगेच कुणी म्हणेल, आपल्याकडे कुठे उणे ३५ अंश थंडी पडते? बरोबर आहे, निफाडलाही पारा एक आकडी झाला की बातमी होते. पण ०डब्ल्यूचा फायदा बर्फातच होतो असं नाही. ४० अंशांना, म्हणजे आपल्या उन्हाळ्यातल्या दुपारी, ०डब्ल्यू-२० ऑइलची जाडी साधारण ४०-४५ सेंटिस्टोक (जाडी मोजायचं एकक) असते. त्याच तापमानाला २०डब्ल्यू-५० ऑइल १६० च्या वर असतं, म्हणजे जवळजवळ चौपट जाड. सकाळी १२-१५ अंशांवर हा फरक आणखी वाढतो. गाडी रात्रभर उभी राहिली की वरच्या भागातलं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. सेल मारल्यानंतरच्या पहिल्या काही क्षणांत ते पुन्हा कॅमशाफ्टपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या वरच्या दांड्यापर्यंत, किती लवकर चढतं, यावर इंजिनची झीज बरीच अवलंबून असते.

मेकॅनिकचा "जाड टाका" हा सल्ला अंबॅसेडर आणि पद्मिनीच्या काळातून आलेला आहे. त्या इंजिनांमधल्या भागांत मोकळीक जास्त होती आणि २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० त्यांना मानवायचं. आजच्या इंजिनमध्ये व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा ऑइलच्याच दाबावर चालते आणि तिच्याकडे जाणाऱ्या वाटा अगदी बारीक असतात. मारुतीच्या बीएस-६ पेट्रोल गाड्यांपैकी अनेकांना ०डब्ल्यू-१६ सांगितलेलं आहे, ते त्या इंजिनची रचनाच तशी असल्यामुळे. शिवाय बाहेर चंद्रपूरचे ४५ अंश असोत की महाबळेश्वरचे १०, इंजिनचं तापमान थर्मोस्टॅट आणि कूलंट एका ठरावीक पट्ट्यात ठेवतात. बाहेरच्या उन्हाचा ऑइलवर परिणाम होतो, पण आपण समजतो त्यापेक्षा कितीतरी कमी.

उलटी चूकही करू नका. पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० असेल तर "जास्त ॲव्हरेज देतं" म्हणून कुणी ०डब्ल्यू-१६ टाकायला सांगेल, तेही नको. ०डब्ल्यू-१६ जुन्या रचनेच्या इंजिनांसाठी नाही. ते चुकून भलत्या गाडीत जाऊ नये म्हणूनच त्या दर्जाच्या ऑइलला, म्हणजे इल्सॅक जीएफ-६बीला, डब्यावर वेगळं ढालीच्या आकाराचं चिन्ह दिलेलं आहे.

पायरी २ : ग्रेडवरून उत्तर मिळतं का ते बघा

०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० लिहिलं असेल तर विषय इथेच संपला. साध्या मिनरल तेलापासून ०डब्ल्यू ग्रेड व्यवहारात बनतच नाही. थंडीत इतकं पातळ, उष्णतेत टिकणारं आणि तरीही लवकर न उडून जाणारं ऑइल हवं असेल तर पायाचं तेल उच्च प्रतीचंच लागतं. त्यामुळे या ग्रेडचा जो डबा मिळेल तो सिंथेटिकच असेल. तुम्ही फक्त ब्रँड निवडायचा.

५डब्ल्यू-३० असेल तर सिंथेटिक आणि सेमी सिंथेटिक (साधं आणि सिंथेटिक यांचं मिश्रण) दोन्ही मिळतात. पुस्तिकेत पर्याय म्हणून १०डब्ल्यू-३० किंवा १५डब्ल्यू-४० लाही परवानगी असेल, तर मात्र साधं मिनरल ऑइलही शर्यतीत येतं. निवडीचा खरा प्रश्न या दोन गटांतल्या गाड्यांचा आहे.

'सिंथेटिक' हा शब्द किती खरा धरायचा

ऑइलच्या डब्यात दोन गोष्टी असतात: पायाचं तेल आणि त्यात मिसळलेली रसायनं. एपीआयने पायाच्या तेलांचे पाच गट केले आहेत. पहिल्या दोन गटांत खनिज तेल शुद्ध करून मिळालेलं तेल येतं, म्हणजे आपलं साधं किंवा मिनरल. तिसऱ्या गटातही सुरुवात बहुधा खनिज तेलापासूनच होते, पण हायड्रोजनच्या प्रचंड दाबाखाली त्याचे रेणू मोडून पुन्हा जुळवलेले असतात. चौथ्या गटात रसायनांपासून बांधलेलं पीएओ नावाचं तेल येतं आणि पाचव्यात एस्टर वगैरे बाकी सगळं.

पूर्वी फक्त चौथ्या-पाचव्या गटाला सिंथेटिक म्हणायचे. मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यातल्या एका जाहिरातीच्या वादात अमेरिकेत १९९९ मध्ये असा निर्णय झाला, की तिसऱ्या गटाच्या तेलालाही सिंथेटिक म्हणता येईल. तेव्हापासून बाजारातल्या बऱ्याचशा 'फुल सिंथेटिक' डब्यांत प्रामुख्याने तिसऱ्या गटाचंच तेल असतं. यात फसवणूक झाली असं मला वाटत नाही, कारण चांगलं बनवलेलं तिसऱ्या गटाचं तेल छोट्या गाडीची गरज सहज भागवतं. पण दोन डब्यांवर 'फुल सिंथेटिक' लिहिलंय म्हणून दोन्ही सारखे, असं धरू नका. 'सेमी सिंथेटिक'चं तर आणखी सैल आहे. त्यात किती टक्के सिंथेटिक असावं याचं कुठलंही पक्कं प्रमाण नाही.

म्हणून डब्याच्या पुढच्या बाजूच्या मोठ्या अक्षरांपेक्षा मागची बारीक अक्षरं महत्त्वाची. एपीआयचं मानक म्हणजे त्या ऑइलने झीज, गाळ, उष्णता यांच्या ठरलेल्या चाचण्या पार केल्याची खूण. एसएन २०१० चं, एसपी २०२० चं आणि एसक्यू २०२५ चं. नवं मानक जुन्याची जागा घेतं, त्यामुळे पुस्तिकेत एसएन असेल आणि ग्रेड तोच असेल तर एसपी बिनधास्त चालतं. उलट चालत नाही. बाजारात अजून एसएल, एसएम लिहिलेले स्वस्त डबे दिसतात. नव्या गाडीत ते टाकू नका, मग त्यावर सिंथेटिक लिहिलेलं असो वा नसो.

पायरी ३ : तुमची गाडी कशी चालते ते लिहून काढा

वर्षाला किती किलोमीटर, एका वेळी किती अंतर, घाट किती, गाडीत माणसं किती, पेट्रोल की सीएनजी. एवढं कागदावर मांडलं की निवड सोपी होते.

*टर्बो इंजिन असेल तर* विचारच करू नका, सिंथेटिकच घ्या आणि मानक एसपी किंवा त्यापुढचं बघा. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे मारतो आणि त्याच्या बेअरिंगला ऑइलचाच आधार असतो. घाट चढून आल्याआल्या इंजिन बंद केलं तर तिथे अडकलेलं ऑइल भाजून निघतं, आणि साधं तेल अशा वेळी लवकर जळून कोळसा धरतं. मानकाचं कारण वेगळं आहे. थेट इंधन फवारणाऱ्या छोट्या टर्बो इंजिनमध्ये कमी वेगावर जोर दिला की मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटू शकतं आणि पिस्टनला धोका होतो. ऑइलमधल्या रसायनांचा त्यात हात असतो. एसपी मानकात त्यासाठी खास चाचणी आहे.

*सीएनजीवर रोज लांब अंतर*, टॅक्सी किंवा कंपनीची पाळी असेल, तर सिंथेटिकचे पैसे वसूल होतात. सीएनजी गरम जळतो आणि त्या उष्णतेत ऑइल हळूहळू घट्ट होत जातं. उच्च प्रतीचं पायाचं तेल ते जास्त काळ सहन करतं.

*शहरातल्या शहरात तीन-चार किलोमीटर* जाणारी गाडी सगळ्यांना हलक्या वापराची वाटते, म्हणून इथे जरा थांबतो. कोथरूडहून डेक्कन, मुलांची शाळा, भाजी, आणि गाडी परत पार्किंगला. अशा वापरात इंजिन पूर्ण तापतच नाही. गार इंजिनमध्ये थोडं पेट्रोल रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं, ज्वलनातून झालेली वाफही आत पाणी होऊन बसते. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी धरतं. पावसाळ्यात अशा गाडीचं ऑइल भरायचं झाकण उघडून बघा: आतल्या बाजूला कधीकधी फिकट, सायीसारखा दुधाळ थर दिसतो. तो म्हणजे पाणी आणि ऑइलचं मिश्रण. गाडी तीस-चाळीस मिनिटं हायवेवर नीट तापवली की बहुतेक वेळा ते उडून जातं. तसं करूनही थर राहिला किंवा कूलंट कमी होत असेल तर मात्र गाडी दाखवा.

या वापराला सिंथेटिक हा उपाय नाही. पातळ झालेलं ऑइल महागाचं असलं तरी पातळच. इथे वेळेवर बदलणं महत्त्वाचं: किलोमीटर ४,००० च झाले असले तरी वर्ष झालं की ऑइल काढा. बऱ्याच पुस्तिकांत कठीण वापराचं वेगळं वेळापत्रक असतं. धूळ, छोट्या फेऱ्या, सततचं ट्रॅफिक हे सगळं त्यात येतं. आपल्यापैकी बहुतेकजण त्याच वेळापत्रकात बसतात आणि ते पान वाचत नाहीत.

*महिन्यातून दोनदा गावी, बाकी रोज पंधरा-वीस किलोमीटर, टर्बो नाही, आणि पुस्तिकेत मिनरलला परवानगी*, असं असेल तर चांगल्या मानकाचं मिनरल किंवा सेमी सिंथेटिक वेळेवर बदलत राहिलात तरी इंजिन छान चालेल. कुणी घाबरवलं तर घाबरू नका.

पायरी ४ : हिशोब मांडा

इथले आकडे समजायला घेतलेले आहेत. तुमच्या गावचे दर टाका. समजा मिनरल ४०० रुपये लिटर, सिंथेटिक ७०० रुपये लिटर, गाडीत साडेतीन लिटर बसतं. फरक झाला १,०५० रुपये, तोही १०,००० किलोमीटरमागे. म्हणजे किलोमीटरला साधारण दहा पैसे.

त्याच १०,००० किलोमीटरला गाडी २० चं ॲव्हरेज देत असेल तर ५०० लिटर पेट्रोल लागतं. १०४ रुपये दराने ५२,००० रुपये. पातळ ग्रेडमुळे ॲव्हरेज एक टक्का जरी सुधारलं तर ५२० रुपये वाचले, दोन टक्के सुधारलं तर फरक जवळजवळ भरून निघाला. एक लक्षात ठेवा, ही बचत मुख्यतः ग्रेडमुळे होते. ५डब्ल्यू-३० सेमी सिंथेटिक काढून ५डब्ल्यू-३० सिंथेटिक टाकलं तर ॲव्हरेजमध्ये जाणवेल असा फरक पडण्याची अपेक्षा धरू नका.

आता काकांचा सल्ला: साधं टाकून दर पाच हजाराला बदलायचं. दोन वेळचं ऑइल २,८०० रुपये, फिल्टर १५० धरला तरी दोन फिल्टरचे ३००, एकूण ३,१०० आणि मजुरी दोनदा. सिंथेटिक एकदाच: २,४५० अधिक फिल्टर १५०, म्हणजे २,६००. साधं टाकून दुप्पट वेळा बदलणं स्वस्त पडत नाही.

उलट बाजूची चूक जास्त महागात पडते. "सिंथेटिक आहे, वीस हजार चालेल" असं सांगणारे भेटतात. पुस्तिकेत १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष लिहिलं असेल, तर सिंथेटिक टाकूनही तेच पाळा. वॉरंटी त्या मुदतीला बांधलेली असते, आणि फिल्टरही तेवढ्याच अंतरासाठी बनवलेला असतो.

पायरी ५ : खरेदी

आपल्याकडे बनावट ऑइलचा धंदा मोठा आहे आणि नकली सिंथेटिकपेक्षा खरं मिनरल शंभर पटीने बरं. कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून, पेट्रोल पंपावरून किंवा सर्व्हिस सेंटरमधूनच घ्या. इंडियन ऑइलचं सर्वो, भारत पेट्रोलियमचं मॅक, तसंच कॅस्ट्रॉल, शेल, मोबिल, गल्फ, व्हॅल्व्होलिन, यांतलं पुस्तिकेच्या ग्रेड-मानकात बसणारं कोणतंही चालेल. वाहन कंपनीच्या स्वतःच्या नावाचं ऑइलही अशाच ऑइल कंपन्यांकडून बनवून घेतलेलं असतं. ब्रँडवरून वाद घालण्यात वेळ घालवू नका.

डबा हातात घेतल्यावर झाकणाचं सील अखंड आहे का, उत्पादनाची तारीख आणि बॅच नंबर छापलेला आहे का ते बघा, क्यूआर कोड असेल तर स्कॅन करा. बाजारभावापेक्षा फार स्वस्त मिळत असेल तर घेऊ नका. ऑइल भरून झालं की रिकामा डबा तिथेच सोडू नका. झाकणाला किंवा डब्याला भोक पाडा किंवा घरी घेऊन या. नकलीवाल्यांना रिकामे डबेच तर हवे असतात.

सर्व्हिस सेंटरमध्ये ऑइल बहुतेकदा बॅरलमधून येतं. तिथे ॲडव्हायझरला सरळ विचारा: "ग्रेड कोणता, मानक कोणतं, जॉब कार्डवर लिहून द्या." प्रामाणिक माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही.

पायरी ६ : ऑइल बदलण्याच्या दिवशी

पहिल्या १,००० किलोमीटरच्या फ्री सर्व्हिसला बऱ्याच कंपन्या ऑइल बदलत नाहीत, फक्त तपासणी करतात. त्याने काही बिघडत नाही. "नवीन इंजिन आहे, आधी मिनरलवर घासून घ्या" हेही जुन्या काळातलं. ज्या गाडीला ०डब्ल्यू-१६ सांगितलंय तिच्यात कारखान्यातूनच तशाच पातळ ग्रेडचं ऑइल भरलेलं येतं.

बदलताना ऑइल फिल्टर आणि ड्रेन प्लगचा वॉशर दोन्ही नवे लावायला सांगा. वॉशर काही रुपयांचा असतो, तो वाचवला तर पार्किंगमध्ये थेंब पडायला लागतात. जॉब कार्डवर 'इंजिन फ्लश', 'ऑइल ॲडिटिव्ह', 'डिकार्बनायझिंग' अशा ओळी घुसवलेल्या असतील तर खोडायला सांगा. वेळेवर ऑइल बदललेल्या नव्या इंजिनला त्यांची गरज नाही. चांगल्या ऑइलमध्ये लागणारी रसायनं आधीच मोजून घातलेली असतात, वरून आणखी ओतली की ते प्रमाण बिघडतं.

भरून झाल्यावर गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करा, पाच-दहा मिनिटं थांबा. डिपस्टिक काढा, फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, परत काढून बघा. ऑइलची रेघ दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ हवी. खुणेच्या बरीच वर असेल तर थोडं काढायला लावा. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनचा खालचा फिरता दांडा, ऑइलला ढवळून फेस आणतो आणि फेसाळ ऑइलने दाब नीट बनत नाही. "जरा जास्त असलेलं बरं" हे इथे लागू नाही.

यानंतर महिन्यातून एकदा हीच तपासणी घरी करा. रंग काळा झाला म्हणून लगेच बदलायला धावू नका. ऑइल काजळी स्वतःत धरून ठेवतं म्हणून काळं होतं, ते त्याचं कामच आहे. पातळी मात्र दोन महिन्यांत खालच्या खुणेकडे सरकत असेल तर नव्या गाडीत ते दाखवायला हवं. प्रवासात पातळी कमी आढळली आणि नेमकं ऑइल मिळालं नाही, तर जवळच्या ग्रेडचं अर्धा लिटर टाकून पुढे जा. सिंथेटिक आणि मिनरल एकत्र आलं तर ऑइल फाटतं, ही समजूत चुकीची आहे. मान्यताप्राप्त ऑइलं एकमेकांत मिसळतील अशीच बनवावी लागतात.

घरी स्वतः ऑइल बदलत असाल तर जुनं ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. डब्यात भरून ज्या गॅरेजचं जुनं ऑइल अधिकृत पुनर्वापरवाल्याकडे जातं तिथे द्या. आणि बाहेरून ऑइल घेतलं असेल तर पक्कं बिल घ्या. त्यावर ब्रँड, ग्रेड, एपीआय मानक, किती लिटर, तारीख आणि त्या दिवशीचं मीटर रीडिंग लिहून घ्या. नुसतं 'इंजिन ऑइल, १ नग' लिहिलेलं बिल वॉरंटीच्या वेळी काही उपयोगाचं नाही.